खालच्या शेतातलं नवं

चतुर्थीची संध्याकाळची आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला, मुलं फुलबाज्या घेऊन अंगणात पळाली आणि मोठी माणसं ओसरीवर टेकली. एरवी या घरात दोन माणसं जमली की तिसऱ्याला बोलायला जागा मिळत नाही. आज मात्र जो तो तोंडात सुपारी धरून गप्प होता. उद्याच्या नव्याचा विषय थोरल्या कृष्णनाथासमोर काढायचा कोणी, एवढाच प्रश्न होता, आणि ती जबाबदारी प्रत्येक जण मोठ्या मनाने दुसऱ्यावर सोडत होता.

पंचमीच्या सकाळी घरातल्या थोरल्याने अंघोळ करून शेतात जायचं, नव्या भाताची कणसं कापून तांब्याच्या ताटातून आणायची, गणपतीपुढे ठेवायची आणि आंब्याच्या पानात बांधून दरवाजाला लावायची. त्यातलेच चार दाणे पायसात पडायचे आणि संध्याकाळी गणपती विसर्जनाला व्हाळात, गावच्या ओढ्यात, जायचा. हे धारगळातल्या पुष्कळ घरांचं. पण या घराचा हट्ट असा की कणसं विकतची चालत नाहीत, दुसऱ्याच्या शेतातली चालत नाहीत. व्हाळाकाठच्या खालच्या शेतातलीच लागतात. कृष्णनाथाच्या बापाने हा दंडक घातला आणि कृष्णनाथाने तो बापापेक्षा कडक पाळला. या वर्षी चतुर्थी लवकर आली होती आणि खालच्या शेतात नुसतं हिरवं पातं डुलत होतं. कणीस सोडाच, पोटरीसुद्धा धरली नव्हती.

"दादा, माटोळीक औंदा कांगलां खंय दिसनत नाय," अखेर गोकुळदासाने लांबून सुरुवात केली. हा धाकटा भाऊ. डिचोलीला बिऱ्हाड, बँकेतून निवृत्त झालेला, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्यांच्या गुडघ्यांची काळजी वाहणारा.

कृष्णनाथाने मान वर केली. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीत नारळ होते, सुपारीचे घड होते, तोरिंजन होतं. रानातल्या कांगलांचे केशरी घोस मात्र नव्हते.

"आमचो परेश सड्यार जावन इलो," तो म्हणाला. "केव्हाच पिकान झडली."

"सगळांच पुढेमागे झालां, नाय?" गोकुळदासाने बसल्या बसल्या कादेर थोडी जवळ ओढली. "मगे... नव्याचां काय?"

स्वयंपाकघराच्या दारात कृष्णनाथाची बायको आनंदी येऊन उभी राहिली होती. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ती तशीच मागे फिरली.

"फाल्यां बघूया," कृष्णनाथ म्हणाला.

"बघूचां काय रे त्यात? शेत हडेसून दिसता. गेल्या वर्सा तूच बोललंस, हयच बसान. मी तुका आठवण करून दिवक नको."

"माझां तोंड माका म्हायत आसा, गोकुळदास."

गेल्या वर्षी याच ओसरीवर गोकुळदासाने त्याला म्हटलं होतं, दादा, आता शेती पुरे कर, वयाची बाहत्तर वर्षं झाली. तेव्हा कृष्णनाथ उसळून म्हणाला होता की ज्या वर्षी खालचं शेत नवं देणार नाही, त्या वर्षी मी कोयती खुंटीला लावीन आणि पुन्हा काढणार नाही. गणपती समोर होता. त्या वर्षी शेत पिवळंधमक होतं, त्यामुळे असं बोलायला काही लागत नव्हतं.

गोकुळदासाच्या मनात वाईट नव्हतं, हे कृष्णनाथाला कळत होतं. परेश, कृष्णनाथाचा मुलगा, मोपाच्या विमानतळावर पाळीवर जायचा. सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरायचा, पण शेत एकट्याने उचलणं त्याला जमलं नसतं. कृष्णनाथाने कोयती ठेवली की खालचं शेत पडीक पडणार आणि एकदा पडीक पडलेलं शेत पुन्हा कोणी उघडत नाही, हे त्याने आजूबाजूला पुष्कळ पाहिलं होतं. आणि पहाटे डोळे उघडल्यावर पाय कुठे वळवायचे? याची त्याला खरोखर भीती वाटत होती. ती भीती त्याने आनंदीलाही सांगितली नव्हती.

मागच्या उघड्या जनेलातून ओल्या हळदीच्या पानांचा वास येत होता. आत शेवंती उद्याच्या पातोळ्यांसाठी पानं पुसत बसली होती. ती मधल्या भावाची, सगुणची बायको. सगुण गेल्यावर घराच्या उत्तरेच्या टोकाला तिने आपली वेगळी चूल मांडली आणि वाटणीत आलेलं मरड, म्हणजे वरच्या अंगाचं कातळाळ, पावसाच्या भरवशावरचं शेत, स्वतः कसायला घेतलं. चतुर्थीला मात्र तिन्ही भावांचा गणपती एकच आणि चूलही एकच.

कृष्णनाथाला तिचं बोलणं आठवत होतं. मे महिना सरत आला होता, पाऊस अवेळी कोसळून अंगणातल्या मिरच्या आणि सोलं भिजवून गेला होता. घरातली बाकीची माणसं आभाळाला शिव्या घालत असताना शेवंती पदर खोचून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली होती.

"दादानू, बी पेरूया. ओल इली आसा."

"मिरगाआधी ह्या घरात बी भिजत नाय, शेवंती."

"मिरगाक पाऊस रवलो पायजे मां? तीन-चार वर्सां मी बघतंय. मे म्हयन्यात येता, मगे दडी मारता, आणि जुलयत येकदम सगळो ओतता."

"पाऊस काय तुका सांगान येता?"

ती हसली नाही की रागावली नाही. वर गेली आणि आपलं हळवं, लवकर पिकणारं भात पेरून मोकळी झाली. घरात चार दिवस कोणी तिच्याशी धड बोललं नाही. जूनमध्ये खरंच पाऊस गडप झाला, तेव्हा ती विहिरीवरून कळशा वाहून रोपं जगवताना दिसायची आणि आनंदी म्हणायची, बाईने हाडं मोडून घेतली. कृष्णनाथाने मृगावर बी टाकलं. ते आधी वाळलं, उरलेलं जुलैच्या पुरात कुजलं. पुन्हा रोपांचा तरवा काढला, तोही दोन दिवस पाण्याखाली राहिला. लावणी संपली तेव्हा श्रावण लागला होता.

"बाबानू, मी पोयो घेवन येतंय," परेश चप्पल शोधत म्हणाला. त्याच्यामागे त्याची बायको ऋतिकाही निघाली.

कृष्णनाथाने दोघांकडे पाहिलं. पाववाला पोदेर आत्ताच भोंगा वाजवून गेला होता आणि पोयांची टोपली त्याच्या डोळ्यांसमोर भरलेली होती. पण सणाच्या दिवशी तरुण माणसं स्कूटरवरून फिरायला जात असतील तर म्हाताऱ्याने हिशेब विचारू नये, एवढी समज त्याला होती. ती दोघं परतली तेव्हा मुलांची जेवणं उरकली होती. हातात पोयी नव्हती आणि परेशची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

सकाळी कृष्णनाथ अंघोळ करून, धुतलेला पंचा नेसून निघाला. एका हातात तांब्याचं ताट, दुसऱ्या हातात कोयती. कणीस नाही हे ठाऊक असूनही तो निघाला, कारण पंचमीच्या सकाळी घरात बसून राहायचं कसं, हे त्याला येत नव्हतं. गोकुळदास बरोबर चालू लागला. तेवढ्यात परेश पायरीवरून ओरडला,

"बाबानू, व्हाळाकडच्या कोनशाक बगा हां! थंय उन जास्ती लागता."

ऋतिका दाराशी रांगोळी काढत होती. तिने मान वर केली नाही, पण रांगोळीची रेघ वाकडी गेली.

गोकुळदासाच्या पायात नवी चप्पल होती, त्यामुळे तो बांधावरच थांबला. कृष्णनाथ चिखलात उतरला. व्हाळाचा आवाज येत होता, पातं कमरेला गार लागत होतं. या शेताचा प्रत्येक कोपरा त्याच्या पायांना पाठ होता. कुठे पाय रुततो, कुठे खेकड्याचं बीळ आहे, कुठे बापाने पुरलेला हद्दीचा दगड लागतो. तो कोपऱ्याजवळ पोचला आणि जागच्या जागी उभा राहिला.

हिरव्या पात्यात पिवळी कणसं होती. भरलेली, वाकलेली, चांगली ओंजळभर.

त्याच्या छातीत धडधडलं. म्हातारपणी आनंदाचं असं होतं, आधी भीतीच वाटते. देवा, दिलंस, असं तो मोठ्याने म्हणाला आणि गुडघा धरून वाकला. एका मुठीत कणसं धरली, कोयती बुडाशी नेली, आणि कोयती लागायच्या आधीच सगळा झुपका अलगद हातात आला.

मुळं नव्हती. काड्यांची टोकं सरळ कापलेली होती. दाण्यांना लांब कुसळं होती. त्याच्या भाताला कुसळ नसतंच. हायवेवर नव्याच्या जुड्या विकायला बसतात, त्यातली ही जुडी होती. आणि ती सुटू नये म्हणून तिला मधोमध बायका केसांना लावतात तसलं लाल मखमली रबर घातलेलं होतं.

कृष्णनाथाला आधी राग आला. आपल्याला पोरांनी लहान मूल समजावं याचा आला. मग त्याचं लक्ष खाली गेलं. चिखलात दोघांचे पाय उमटले होते, एक मोठा, एक लहान. लहान पाय एके ठिकाणी घसरला होता आणि तिथे पाच बोटं टेकली होती. ऋतिका म्हापशात वाढलेली पोरगी, तिला गांडुळाचीसुद्धा भीती वाटायची. सासऱ्याचा शब्द खरा होऊन कोयती खुंटीला जाऊ नये म्हणून ती अंधार पडत असताना या चिखलात उतरली होती. त्याचे डोळे भरून आले.

वरून मोपाचं विमान घरघरत उतरत गेलं.

"गावलां काय रे?" विमानाचा आवाज ओसरल्यावर बांधावरून गोकुळदासाने विचारलं.

हो म्हणायला काही अडचण नव्हती. रबर काढायचं, कणसं ताटात ठेवायची आणि वर यायचं. गोकुळदासाला कुसळातला फरक जन्मात कळला नसता. परेश आणि ऋतिका कोणाला सांगणार नव्हती. दाराला नवं लागलं असतं आणि पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा मृगाची वाट बघत बसला असता. इथपर्यंत विचार आला आणि कृष्णनाथाला पुढचं सगळं दिसलं: पुन्हा कुजलेला तरवा, आणि पुन्हा अंधारात चिखल तुडवणारी दोन पोरं.

त्याने रबर काढून कनवटीला खोचलं. कणसं पंच्याच्या सोग्यात गुंडाळली. विकतचं असलं तरी भात होतं, चिखलात टाकवेना.

"नाय गावलां," तो म्हणाला.

गोकुळदासाच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. उलट तो कावराबावरा झाला. "आसूं दी, दादा. तू घराक चल. बोललंस तां बोललंस, कोण काय..."

"तू चल फुडे. मी मरडार जावन येतंय."

"मरडार? कित्याक?"

कृष्णनाथ पायवाटेने वर चढू लागला.

मरडावर पत्र्याचा डबा बडवण्याचा आवाज येत होता. पोपटांचा थवा काजूच्या झाडावरून उठला आणि पुन्हा बसला. शेवंती नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून उभी होती. शेताची कापणी झालेली होती. मळभ बघून तिने तीन दिवसांपूर्वीच भात घरात घेतलं होतं. आता सगळीकडे खुंट उभे होते. फक्त काजूच्या अंगाला एक चिंचोळी पट्टी उभी ठेवली होती आणि तिच्यावरचे पोपट हाकलायला ती सणाच्या सकाळी इथे आली होती.

तिने त्याच्या हातातलं रिकामं ताट पाहिलं.

"सगळां कापलंस," कृष्णनाथ म्हणाला. "ह्यां कित्याक ठेवलंस?"

"असांच."

"असांच कोण पोपटांक भात घालता?"

शेवंतीने डबा खाली ठेवला. "दादानू, तुमी इचारलात तर आसूंदे म्हणान ठेवलां. नाय इचारलात तर फाल्यां कापलंय असतां."

"मगे तूच येवन सांगूचां."

"मे म्हयन्यात येवन सांगलंय मां," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

कृष्णनाथ बांधाच्या दगडावर बसला. गुडघा ठणकत होता. इथून खालचं शेत सगळं दिसत होतं, व्हाळाच्या वळणात पसरलेलं, पोरसवदा हिरवं. बऱ्याच वर्षांत त्याने ते वरून पाहिलं नव्हतं.

"वायट झालां गो तां शेत," तो म्हणाला. "बापायच्या येळार सोन्यासारख्यां होतां."

"शेत वायट नाय, दादानू. शेत आसा तसांच आसा. पाऊस पयल्या येळार येयना." ती त्याच्यापासून थोडी दूर, खुंटांत उकिडवी बसली. "बगा, मे म्हयन्याच्या ओलीर टाकलां तर जुलयचो लोंढो येयसर रोप गुडघ्याक लागता. मगे तां बुडना नाय. माका हय कळशेन पाणी घालूचां लागलां. तुमका व्हाळ बाजूक आसा, नुसतो पाट फोडलो तर झालां. माझ्यापरास तुमचां शेत बरां."

"आणि मे म्हयन्यात पाऊस येवकच नाय तर?"

"तर माझां बी गेलां. अर्धां मागे ठेवतंय मी. सगळां येकदम कोण टाकता?"

तो हसला. बापही कोठीतलं बी कधी सगळं काढायचा नाही, हे त्याला आठवलं. मृग तेवढा घट्ट धरून ठेवला आणि हे मात्र आपण कधी सोडून दिलं, ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"शेवंती," तो उठत म्हणाला, "माका नव्याक कणसां व्हयी. दितस?"

शेवंती पटकन उभी राहिली आणि तिने लुगड्याचा खोचा सोडून सारखा केला, पाहुणा दारात आल्यावर करतात तसा. "घेया. मान तुमचो."

"तू धर. मी कापतंय."

तिने मूठ धरली, त्याने कोयती चालवली. या वेळी काड्यांनी नीट ओढ घेतली आणि करकर आवाज झाला. त्या आवाजाने त्याला बरं वाटलं.

दारात सगळे वाट बघत होते. गोकुळदासाने आधीच येऊन काहीबाही सांगितलं असावं, कारण परेश आणि ऋतिका भिंतीला चिकटून उभी होती आणि आनंदी उगाचच पुन्हा पुन्हा आत-बाहेर करत होती. कृष्णनाथ शेवंतीला पुढे घालून आला. पाय धुतले, ताट गणपतीपुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मग वळला आणि ऋतिकासमोर उभा राहिला. कनवटीचं लाल रबर काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवलं.

"केस बांध गो बाय," तो म्हणाला. "आणि ह्यां सोग्यातलां भात कोंबड्यांक घाल. बऱ्या मनान हाडलेलां आसा, फुकट जावक नको."

ऋतिकाचा चेहरा रबरापेक्षा लाल झाला. परेश छताकडे बघू लागला. मग सासऱ्याच्या मिशीखाली हसू आहे हे तिला दिसलं आणि ती तोंडावर हात दाबून आत पळाली.

"ह्यां काय चाललां?" गोकुळदासाला काहीच कळेना. "आणि ही कणसां खंयची, दादा?"

"शेवंतीच्या मरडावयली." कृष्णनाथाने आंब्याची पानं आणि दोरा शेवंतीच्या हातात दिला. "बांध. तुझां आसा, तूच बांध."

घरातल्या कोणत्याही बाईने आजवर दाराला नवं बांधलं नव्हतं. शेवंतीने एकदा आनंदीकडे पाहिलं. आनंदीने पाट आणून चौकटीखाली ठेवला. त्यावर चढून शेवंतीने कणसं पानात गुंडाळली आणि चौकटीच्या खिळ्याला दोऱ्याचे तीन वेढे दिले.

गोकुळदास ओसरीवरच्या खुंटीकडे बघत होता. त्याच्यानेही ते बोलवत नव्हतं, पण बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं. "मगे दादा... कोयती?"

"खालच्या शेतान औंदा नवां देवक नाय," कृष्णनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बोललंय तां खरां. गणपतीसमोर बोललंय, तेच्यासमोरच मोडतंय. माका काय दंड करूचो तो तेणां करूचो." तो शेवंतीकडे वळला. ती अजून पाटावरच होती, त्यामुळे त्याला मान वर करून बोलावं लागलं. "शेवंती, तुझ्या हळव्या भाताचां बी माका दी. खालच्या शेताक."

परेशने मान खाली आणली. गोकुळदासाने तोंडातली सुपारी चावायची थांबवली.

"दितंय," शेवंती म्हणाली. "पण कदी पेरूचां, तां मी सांगतलंय."

"सांग," कृष्णनाथ म्हणाला. "मी आयकतंय."

आत पायसासाठी आदोळीवर नारळ खवत बसलेल्या आनंदीचा हात थांबला. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने या तोंडून ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालात?" तिने आतूनच विचारलं.

"पायस करपता काय बग," कृष्णनाथ म्हणाला, आणि शेवंतीला उतरता यावं म्हणून त्याने दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला.